मावशीची बोली

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला, त्यातला पहिल्या नंबरचा आधी सांगून टाकते. मी एक पुस्तक अकरा महिने कुलपात ठेवलं आणि त्या कपाटाची किल्ली सेफ्टी पिनेत अडकवून मंगळसूत्राला लावून फिरले. ज्या माणसाला ते पुस्तक हवं होतं तो माझ्यापासून तीन हातांवर स्टुलावर बसायचा, आणि त्या पुस्तकात जे असेल ते एकेक करून यंत्राच्याच तोंडून काढून घ्यायचा. मी ते बघत होते. मधूनमधून "दमलास का रे?" म्हणून विचारतही होते. म्हणजे धड दुष्टसुद्धा होता आलं नाही मला.

त्या माणसाचं नाव भानुदास वाव्हळे. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायचे. आपल्याहून पाच-सहा वर्षांनी लहान आहे म्हणून, असं मी मनाला सांगत असे. आमच्या कचेरीतला जोशी माझ्याहून आठ वर्षांनी लहान होता आणि त्याला मी अहो-जाहो करत होते, ही गोष्ट ध्यानात यायला मला नात व्हावी लागली. तर आता लिहिताना वाव्हळेंना अहो म्हणते. उशीर झालाय, पण कागदावर तरी म्हणते.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती, शेवटाशेवटाकडची. परभणीत आमची कचेरी पाटाच्या पाण्याची. येलदरीकडून कालव्याने पाणी यायचं आणि कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी मिळणार, याच्या चिठ्ठ्या आमच्याकडून निघायच्या. पाण्याच्या या ठरलेल्या वेळेला म्हणतात पाळी. आता बायका गालात हसतील. खुशाल हसा. रोज दहा-वीस मिशाळ पुरुष माझ्या टेबलासमोर उभे राहून "अक्का, माझी पाळी चुकली, काहीतरी करा" म्हणायचे, आणि मी पस्तिशीची बाई फायलीत तोंड खुपसून लाल व्हायचे. आज कुणी तसं म्हणालं तर मी विचारीन, "कितवा महिना?" पण तेव्हा माझ्यात विनोद नव्हता, नुसती इभ्रत होती.

त्या इभ्रतीत भर पडली संगणकाची. साहेबांनी कुठून कुठून कागद फिरवून एक संगणक आणि एक छपाईचं यंत्र मिळवलं, आणि मला तीन महिन्यांच्या क्लासाला औरंगाबादला धाडलं. परत आले तेव्हा पहिली मी उरलेच नाही. संगणकाच्या खोलीला एसी. आत शिरताना चपला बाहेर. मी आत हळू आवाजात बोलायचे, जणू कुणी आजारी निजलंय. पाण्याच्या चिठ्ठ्या आधी कारकून हाताने मराठीत लिहायचे. आता त्या यंत्रातून निघू लागल्या, इंग्रजीत. हाताने लिहायचं नाही असा साहेबांनी हुकूमच काढला. टेलवरच्या, म्हणजे कालव्याच्या अगदी शेपटीच्या गावांतल्या माणसांना इंग्रजी चिठ्ठ्या! मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट चिठ्ठी किती देखणी दिसते, याचंच कौतुक. वाचणाऱ्याला ती वाचता यावी लागते, हा मुद्दा क्लासात शिकवला नव्हता.

त्या रब्बीत एक दिवस गिरजाबाई आली. टेलवरची, साठीची, दीड एकर गव्हाची मालकीण. पदराच्या गाठीतून तिने आमची चिठ्ठी काढली. डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद असेल असं समजून तिने ती पंधरा दिवस जपून ठेवली होती, शिबिराच्या दिवशी दाखवू म्हणून. तेवढ्यात पाणी येऊन गेलं.

"माझी पाळी चुकली की गं माय!" ती भर कचेरीत ओरडली.

सगळी कचेरी हसली. साहेब हसले, जोशी हसले. इतके दिवस लाल होणारी मी, मीही हसले, कारण या खेपेला पाळी म्हणणारी साठीची बाई होती.

"हसा बाबांनो," ती म्हणाली, "गहू माझा वाळलाय, तुमचं काय जायलंय?"

एक माणूस हसला नव्हता. स्टॅबिलायझर बिघडला म्हणून रोजंदारीवर बोलावलेला वायरमन कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तो उठला, हात पँटीला पुसले आणि गिरजाबाईच्या हातातली चिठ्ठी घेऊन उजेडात धरली.

"अक्का, हे मराठीत का न्हाई?"

"मशीनला मराठी येत नाही," मी म्हणाले.

"तिला येत न्हाई का तिला कुनी शिकिवली न्हाई?"

हे वाव्हळे. आयटीआयचं रेडिओ-टीव्ही शिकलेले, अंगाने काटकुळे, खिशात टेस्टर, आणि शर्टाचं वरचं बटण कायम उघडं. फक्त बटणच नाही, या माणसाला मिटलेली कुठलीच वस्तू बघवत नसे. टेबलाचा खण उघडा, डबा उघडा, यंत्राचं झाकण उघडं. दुरुस्तीनंतर चार स्क्रूंतला एकच पिळायचे, बाकीचे तीन काडेपेटीत. मी ओरडले की म्हणायचे, "परत उघडायचंच हाय की अक्का, चार-चार कशाला पिळायचे?" त्या काडेपेटीत आमच्या कचेरीतला अर्धा संसार खुळखुळत होता.

स्टॅबिलायझर दुरुस्त झाला तरी ते जाईनात. वायरमनची रोजंदारी साहेबांनी चालू ठेवली, कारण आमच्याकडे रोज काही ना काही जळतच होतं. संध्याकाळचा तासभर मात्र ते एसीच्या खोलीत येऊन बसायचे. संगणकाला त्यांनी नाव ठेवलं 'पाटील'. "हा नुसता हुकूम सोडतो, राबती ती मावशी." मावशी म्हणजे छपाईचं यंत्र. कर्रर्र-कर्रर्र करत डोकं इकडून तिकडे नेणारी, सुईएवढ्या टोकांनी शाईच्या फितीवर ठोकत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढणारी. ठिपकेच काढायचे तर मराठी का काढता येऊ नये, असा वाव्हळेंचा साधा सवाल होता. अडचण एवढीच की कोणता ठिपका कधी मारायचा, कागद किती सरकवायचा, हे मावशीला आकड्यांच्या भाषेत सांगावं लागतं, आणि ते आकडे फक्त कंपनीला ठाऊक.

"मग कंपनीला विचारू," वाव्हळे म्हणाले.

पत्र त्यांनी मराठीत सांगितलं, इंग्रजी मी केलं. एका पानात मी 'काइंडली' चार वेळा घातलं होतं. उत्तर आलं नाही. दुसरं धाडलं. तिसऱ्याला उत्तर आलं: ही माहिती ग्राहकांना देण्याची नाही, मराठी हवं असल्यास आमचं मराठी कार्ड विकत घ्यावं. कार्डाची किंमत वाचून साहेबांनी तो कागद माझ्याकडे असा सरकवला की जणू तो चावेल.

वाव्हळेंना मी पत्राचा मराठी अर्थ सांगितला. त्यांनी मावशीच्या झाकणावर टिचकी मारली.

"म्हंजे मशीन तुमची, पर तिची बोली आमची, असं म्हणायलेत."

"कंपनीचं गुपित असतं ते," मी क्लासात शिकलेल्या आवाजात म्हणाले.

"गुपित कशाचं अक्का? पानी कवा येनार एवढंच लिवायचंय आपल्याला."

पुढच्याच महिन्यात कंपनीचा इंजिनिअर आला. पुण्याचा, सफारी घातलेला. मावशीचं डोकं बदललं आणि जाताना खाकी कागदात गुंडाळलेलं, चिकटपट्टी लावलेलं एक जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. तांत्रिक पुस्तक आहे, पुढच्या खेपेला लागेल, दर वेळी वागवत आणणं होत नाही, तुम्ही जबाबदार दिसता. कुणालाही दाखवायचं नाही, स्वतःही उघडायचं नाही, इथे सही करा. चिकटपट्टीवर त्याने स्वतःची सही केली, कागदावर मी माझी. इंग्रजीतली माझी पहिली सही! औरंगाबादेत वहीच्या मागच्या पानांवर शंभरदा गिरवून ठेवली होती, तिचा असा उपयोग झाला.

'तुम्ही जबाबदार दिसता' हे वाक्य मला नवऱ्याने लग्नात नाव घेतलं त्याच्यापेक्षा जास्त आवडलं.

दुसऱ्या दिवशी वाव्हळेंनी विचारलं. एकदाच.

"अक्का, ते पुस्तक एक डाव बगू द्या. तुमच्यासमूरच बगतो. हात बी लावत न्हाई, पानं तुमी उलटा."

"सही केलीय मी, वाव्हळे."

"बरं," म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटलं, चला, समजूतदार आहे. आमच्या घरी रोज शिवपूजा झाली की वडील म्हणायचे, सगळी माणसं सारखी, लहानमोठं कुणी नाही. मी मान डोलावत वाढले. आणि ऑफिसातला माझा पाण्याचा पेला मात्र घरून आणलेला होता, वर नाव कोरलेला, कुणी चुकून उचलू नये म्हणून. हे दोन्ही एकाच बाईचं आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी रागावले असते.

मग सुरू झाली वही. शंभर पानी, वर मोठ्या अक्षरात 'मावशीची बोली'. पद्धत अशी: सत्तावीस हा आकडा दिला की मावशी कान टवकारते, एवढं त्यांना कुठल्याशा मासिकात सापडलं होतं. त्याच्यापुढे कोणता आकडा दिला तर ती काय करते, हे एकेक आकडा देऊन बघायचं आणि लिहून ठेवायचं. वहीतल्या ओळी मला अजून आठवतात. 'सत्तावीस, एक्केचाळीस: अक्षर जाड.' 'सत्तावीस, बेचाळीस: कागद भसकन बाहेर.' 'सत्तावीस, त्रेचाळीस: रुसली, बंद करून चालू केली.' 'सत्तावीस, चव्वेचाळीस: काही म्हणत न्हाई.' हे 'काही म्हणत न्हाई' पानोपान. मावशी रुसली की ते तिला रागवत नसत. बटण बंद करायचे, बिडी ओढून यायचे, बटण चालू करायचे आणि म्हणायचे, "बगू तर आता काय म्हणायलीय."

एकदा मी म्हणाले, "एवढं लिहून कंटाळा नाही येत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. नामांतराचा पहिला पावसाळा आला तेव्हा ते दहावीत होते. गावात राहण्यासारखं राहिलं नाही तेव्हा त्यांच्या घरची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघून मामाच्या गावी गेली. पुस्तकं मागं राहिली. वर्ष बुडालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पोराचं भूमितीचं पुस्तक चार दिवस मागून आणलं आणि सगळंच्या सगळं हाताने उतरवून काढलं, आकृत्यांसकट.

"म्हणून भूमिती लय पक्की हाय माजी," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. किल्ली गळ्यात होती, टोचली नाही.

ठिपके मारायचा आकडा त्यांना उन्हाळ्यात सापडला. त्या दिवशी मावशीने कागदावर एकच बारीक ठिपका काढला आणि वाव्हळे तो ठिपका घेऊन कचेरीभर फिरले. जोशी म्हणाले, "माशी बसून गेली का?" पण मला ते बघून सुचलं. ठिपके म्हणजे माझा प्रांत! एकवीस ठिपक्यांपर्यंतच्या रांगोळ्या मला तोंडपाठ. वाव्हळेंनी काढलेला 'ळ' उलट्या पडलेल्या झुरळासारखा दिसत होता, तो काही मला बघवेना. मी चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन अक्षरं काढायला बसले. क पासून ज्ञ पर्यंत दीड महिना. 'क्ष'ला आठ दिवस लागले. वाव्हळे माझे कागद घेऊन त्याचे आकडे करायचे आणि म्हणायचे, "अक्का, तुमच्या 'ग'चा पाय लय देखना हाय." म्हणजे बघा, मी त्यांना मदत करत होते. मनापासून करत होते. तीन हातांवरचं कपाट उघडण्यापेक्षा मला चाळीस-पन्नास अक्षरांच्या रांगोळ्या काढणं सोपं वाटत होतं.

अक्षरं झाली तरी घोडं अडलंच. मराठीची एक ओळ मावशीच्या डोक्याच्या एका फेरीत मावत नसे. पहिली फेरी वरच्या मात्रा-वेलांट्यांची, दुसरी अक्षरांची, तिसरी खालच्या उकारांची. मधे कागद केसभर सरकायला हवा, आणि तिला माहीत होतं ते एकदम बोटभर सरकणं. त्यामुळे वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. 'गिरजाबाई'ची वेलांटी वर आभाळात टांगलेली आणि खाली नुसती 'गारजाबाइ'. तो केसभराचा आकडा काही सापडेना. आषाढ गेला, श्रावण गेला, दुसरी रब्बी तोंडावर आली.

त्यात खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. वडिलांच्या मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानात तराजूची व्हायची. मी कचेरीत संगणकाची मांडली. पाटलाला विभूतीचे तीन पट्टे, मावशीला तीन पट्टे. मग मला वाटलं, विद्येला कसं विसरायचं? किल्ली काढली, कपाट उघडलं, खाकी कागदातलं ते पुस्तक बाहेर घेतलं, पाटावर ठेवलं, त्यालाही विभूतीचे पट्टे ओढले, वर झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. सगळ्यांना पेढे वाटले. वाव्हळे पाटाशेजारीच उभे होते. पुस्तक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं.

"अक्का," ते पेढा खाता खाता म्हणाले, "पूजा तर झाली. आता पारायनाला बसू का?"

सगळे हसले. मी म्हणाले, "चहाटळपणा पुरे," आणि पुस्तक फुलासकट परत कुलपात ठेवलं. विभूती मावशीच्या पोटात सांडली होती. ती साफ करायला त्यांना दोन दिवस लागले.

रब्बीची पहिली पाळी इंग्रजी चिठ्ठ्यांवरच निघाली. वाव्हळेंनी टेलच्या तीन गावांचा गठ्ठा घेतला, प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने मराठीत नाव, वार, वेळ लिहिली आणि सायकलवर टाकून स्वतः वाटून आले. हाताने लिहायचं नाही असा हुकूम असताना लिहिलं, म्हणून साहेबांनी खडसावलं. "चिठ्ठीवर न्हाई लिवलं साहेब," वाव्हळे म्हणाले, "चिठ्ठीच्या पाठीवर लिवलं."

त्यानंतर आठवड्याभरात ते मला म्हणाले, "अक्का, हिकडं या. हे बगा, मावशीनं तुमचा 'प' खाल्ला." सत्तावीस आणि ब्याण्णव. वहीत त्याच्यापुढे कधीचं 'काही म्हणत न्हाई' लिहिलेलं होतं. पण त्या दिवशी नेमकं त्या आकड्यांमागून एक ओळ गेली आणि ओळीतलं पहिलं अक्षर गायब झालं. वाव्हळे ते गायब अक्षर बघत बसले, आणि मग एकदम स्वतःच्या मांडीवर थाप मारून उभे राहिले.

"ती गप नव्हती अक्का! वाट बगत व्हती! किती सरकू, असं इचारत व्हती, अन् मीच सांगत नव्हतो."

ब्याण्णवच्या पुढे त्यांनी एक बारकासा आकडा दिला. कागद केसभर सरकला. वेलांटी अक्षरावर येऊन बसली.

दुसऱ्या पाळीच्या चिठ्ठ्या मराठीत निघाल्या. गिरजाबाईची पहिली चिठ्ठी वाव्हळेंनी तिला कचेरीतच बोलावून दिली. ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायची. चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून ती वाचत गेली, "गि-र-जा-बा-ई... मं-ग-ळ-वा-र... स-का-ळी..." आणि एकदम थांबून म्हणाली, "आगं, हे तर मंगळवारचं हाय!" जणू ती बातमी तिला कागदाने नाही, कुणीतरी शेजारी बसून सांगितली.

इथे दुसरा एखादा थांबला असता. वाव्हळेंनी तो प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवून मागेल त्याला द्यायला सुरुवात केली. नुसता प्रोग्राम नाही, वहीची सगळी पानंही, सायक्लोस्टाइल करून. "उघडं हाय, घ्या. चुकलं दिसलं तर मला कळवा," एवढीच अट. नांदेडहून माणसं आली, गंगाखेडहून आली. एकाने खुशीने काही देऊ केलं तर म्हणाले, "मला मावशीनं फुकट सांगितलं, मी कशाला इकू?"

कंपनीची कार्डं खपेनात. मग सफारीवाला इंजिनिअर पुन्हा आला, या खेपेला हसत नव्हता. साहेबांपुढे त्याने वाव्हळेंचे सायक्लोस्टाइल कागद आपटले. "हे आकडे आमच्या गोपनीय पुस्तकातले आहेत. पुस्तक तुमच्या कचेरीत आहे. रोजंदारीवरच्या वायरमनला हे कुठून कळणार? त्याला दाखवलंय कुणीतरी." साहेब घाबरले. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदसुद्धा लागत नाही. म्हणाले, "वाव्हळे, उद्यापासून येऊ नकोस. आणि ते मराठी बंद कर."

वाव्हळेंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. आतापर्यंत चार झाल्या होत्या.

"साहेब, चोरून लिवलं असतं तर बरोबर तेवढंच लिवलं असतं ना? ह्या वह्यांत निम्म्याहून जास्ती चुका हायेत. एवढ्या चुका कुठल्या पुस्तकात छापलेल्या असतेत?"

इंजिनिअर म्हणाला, "ते नाटक आहे. पुस्तक दाखवा."

आता माझी पाळी. (हसा.) मी मान ताठ करून उठले. माझ्या आयुष्यातला हा गौरवाचा क्षण! फक्त सेफ्टी पीन अडकली होती, किल्ली काही मंगळसूत्रातून सुटेना. शेवटी मी गळ्यातच किल्ली ठेवून कपाटापुढे वाकले, कुलपाला गाल टेकवला आणि तशीच मान फिरवून फिरवून कुलूप उघडलं. पुस्तक टेबलावर ठेवलं. खाकी कागद, तीन पट्टे विभूती, वाळलेला झेंडू, आणि चिकटपट्टीवर त्याची सही, जशीच्या तशी.

"बघा," मी म्हणाले, "कुणी हात लावलेला नाही!"

त्याने पट्टी तपासली. मग कागद फाडला आणि पुस्तक उघडलं. त्याचा चेहरा बघून साहेबांनी ते ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागले. "स्प्रिंग, लहान. स्प्रिंग, मोठी. रबरी पाय, चार नग..." दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्राच्या सुट्या भागांची यादी होती ती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. गडबडीत भलतंच पुस्तक ठेवून गेला होता तो. अकरा महिने मी रबरी पायांना राखलं होतं, त्यांना विभूती लावली होती.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसता हसताच त्यांनी निकाल दिला: वाव्हळे राहतील, चिठ्ठ्या मराठीतच निघतील. इंजिनिअर जेवायला थांबला नाही.

हा किस्सा मी पुढे किती ठिकाणी सांगितला! बारशात, लग्नाच्या पंगतीत, हळदी-कुंकवात. गाल टेकवून कुलूप उघडण्याची नक्कल करून दाखवायचे, बायका लोटपोट व्हायच्या. आणि शेवटी म्हणायचे, "पण काही म्हणा, माझ्या कुलपाने वाव्हळेची रोजी वाचवली." वाव्हळे वर्षा-दीड वर्षात आमची कचेरी सोडून गेले. गंगाखेडला त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, एवढं कानावर होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, बसस्टँडासमोरच्या रसवंतीत. नामांतर होऊन महिना-दीड महिना झाला असेल. अंगाने जरा भरले होते, कानशिलावर पांढरं आलं होतं, वरचं बटण तसंच. सोबत बायको होती. मला बघताच उठले, बाकड्यावर जागा केली, उसाचा रस मागवला. मला तर आयताच श्रोता मिळाला. मी त्यांच्या बायकोला सगळा किस्सा सांगितला, पट्टे, झेंडू, पारायण, गाल टेकवलेलं कुलूप, साहेबांचं "रबरी पाय, चार नग". ती बिचारी पदर तोंडाला लावून हसत होती. वाव्हळेही हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तरी एक बरं झालं, वाव्हळे," मी रसाचा ग्लास खाली ठेवत म्हणाले. "त्या पुस्तकात काही नव्हतंच. म्हणजे मी दिलं नाही, त्यानं तुझं काही नुकसान झालं नाही."

त्यांनी रुमालाने डोळे पुसले, रुमालाची घडी केली, आणि अगदी शांतपणे, जराही राग नसलेल्या आवाजात म्हणाले,

"पर अक्का, त्यात काय न्हाई, हे तुमाला तवा कुठं म्हाईत व्हतं?"